कांदा पावडर की ॲप, आणि 50 लाख मागायचे कुणाकडे?

तुम्ही निफाड तालुक्यातले, घरचा कांदा, अन्नतंत्रज्ञानाची पदवी. कांदा वाळवून पावडर-फ्लेक्स विकायचे की शेतकरी आणि हॉटेलं जोडणारं ॲप काढायचं, हे ठरत नाहीये. काहीही ठरलं तरी 10 टक्के हिश्श्यावर गुंतवणूकदारांकडून 50 लाख उभे करायचे आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण यात घरची जमीन गहाण पडण्यापर्यंत गोष्टी जातात.

ॲपचं लवकर उरकतो. हॉटेलवाला भाजीवाल्याला धरून असतो तो उधारीसाठी, सकाळी सातला माल दारात येतो म्हणून, आणि खराब निघालेला माल बदलून मिळतो म्हणून. हे सगळं तुम्हालाच करावं लागेल. म्हणजे गाड्या, गोदाम आणि महिनाभराची उधारी. त्यात मोठ्या भांडवलाच्या कंपन्या आधीच उतरल्यात. तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा वेगळं काय आहे, हे तुमच्या प्रश्नात कुठे दिसलं नाही. सोडून द्या.

कांद्याकडे तुमचं शिक्षण आणि घर दोन्ही आहे. पण इथे एक मोठी अडचण आहे. तुमच्या भागातला लाल आणि उन्हाळी कांदा खायला उत्तम, वाळवायला तितका नाही. फ्लेक्स-पावडरच्या मोठ्या खरेदीदारांना बहुतेक पांढरा कांदा लागतो, त्यातही विद्राव्य घटक, म्हणजे टीएसएस, जास्त असलेला. लाल कांद्याचा रंग उतरतो आणि पाणी जास्त असल्याने उतारा कमी पडतो. गुजरातमधलं महुवा याच धंद्यावर उभं आहे, आणि जळगावची जैन फार्म फ्रेश शेतकऱ्यांकडून पांढरा कांदा करारावर घेते. 'घरचा कांदा आहे' हा मुद्दा त्यामुळे निम्म्याने हलका होतो. शेजारच्या शेतकऱ्यांकडून पांढरं वाण लावून घेणार का, की लाल कांद्याच्याच पावडरीला गिऱ्हाईक शोधलंय? गुंतवणूकदाराच्या आधी याचं उत्तर स्वतःला द्या.

मग हिशेब. ढोबळमानाने 8 ते 10 किलो कांद्यातून एक किलो वाळलेला माल मिळतो. दहा किलो धरले, तर 12 रुपये भावाने नुसत्या कांद्याचेच 120 रुपये झाले. सोलणं, कापणं, वीज, पॅकिंग, घट वेगळी. भाव 35 वर गेला की तेच 350 होतात, आणि तुमचा खरेदीदार वर्षाचा दर आधीच बांधून बसलेला असतो. म्हणून कांदा एप्रिल-मेमध्ये रोखीने घेऊन वाळवून ठेवायचा आणि वर्षभर विकायचा. खरा पैसा मशिनरीत लागत नाही, या साठ्यात आणि उधारीत अडकतो. तुमच्या 50 लाखांच्या यादीत 38 लाख मशिनरीला आणि खेळत्या भांडवलाला फक्त 5 दाखवलेत. अनुभवी माणूस पहिलं बोट तिथेच ठेवेल.

आता गुंतवणूकदाराकडच्या तुमच्या मागणीकडे. 10 टक्क्याला 50 लाख म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनी 5 कोटींची धरली. एंजल गुंतवणूकदाराचे, म्हणजे नव्या कंपनीत सुरुवातीलाच स्वतःचा पैसा घालणाऱ्याचे, बरेचसे पैसे बुडतात, म्हणून टिकलेल्या कंपनीकडून त्याला दहापट तरी हवे असतात. म्हणजे सात-आठ वर्षांत 50 कोटींची कंपनी, आणि त्याचा हिस्सा विकत घेणारा कुणीतरी. वर्षाला 12-15 लाख नफा देणारं एक युनिट हा चांगला धंदा आहे, घर उभं राहील त्यावर. पण हे गणित त्यात बसत नाही. त्यासाठी बँकेचं कर्ज आणि पीएमएफएमईसारखी, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची, योजना योग्य. त्यात 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान आहे. सध्या अर्ज घेतायत का, ते कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. स्वतःची कंपनी पूर्ण तुमच्याच हातात राहते, हा फायदा लहान नाही.

हिस्सा देऊनच पैसे घ्यायचे, तर कल्पना त्या आकाराची करा. एस4एस टेक्नॉलॉजीज बघा. त्यांनी सौर ड्रायर स्वतः विकसित केले, गावातल्या महिलांच्या हाती दिले आणि तयार माल खाद्य कंपन्यांना विकायची जबाबदारी स्वतः घेतली. एका गावात जमलं की पुढच्या शंभर गावांत नेता येतं, म्हणून तिथे गुंतवणूक येते. 2023 मध्ये त्यांना अर्थशॉट हा पर्यावरणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. किंवा तुमच्याच जिल्ह्यातलं मोहाडी. तिथल्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत 2022 साली युरोपातल्या गुंतवणूकदारांनी 310 कोटी घातले, पण त्याआधी अनेक वर्षं त्यांची द्राक्षं युरोपात जात होती.

सादरीकरणाबद्दल. 'भारताची मसाला बाजारपेठ इतक्या हजार कोटींची' ही स्लाइड काढून टाका. पुण्यात गुंतवणूकदारांच्या एका बैठकीत मी एका मुलीला मसाला कारखान्यांना पावडर पुरवण्याचा विषय मांडताना पाहिलं. तिने टेबलावर पावडरीच्या चार पुड्या ठेवल्या, तीन बाजारातल्या, एक तिची. सगळ्या महिनाभर उघड्या ठेवलेल्या. तिन्ही पुड्यांत गोळे झाले होते, तिची पावडर बोटाने भुरभुरत होती. मग तिने दोन कारखान्यांच्या खरेदी ऑर्डर दाखवल्या, रकमेसकट. त्यानंतर प्रश्न फक्त 'किती माल काढू शकाल' एवढेच आले. बाजारपेठेचा आकार कुणी विचारला नाही.

तुम्हीही तेच करा. भाड्याच्या ड्रायरवर किंवा नव्या उद्योजकांना यंत्रं वापरू देणाऱ्या एखाद्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये थोडा माल काढा, नाशिक-पुण्यातल्या मसालेवाल्यांना आणि फरसाणवाल्यांना पैसे घेऊन विका. फुकट नमुन्याला सगळे छान म्हणतात, दुसऱ्यांदा ऑर्डर देणारा खरा. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी आणि उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी आधी करा. उद्यममुळे मोठ्या खरेदीदारावर 45 दिवसांत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन येतं. शेअर द्यायचे तर प्रायव्हेट लिमिटेड लागेल, प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्यात, ते जमत नाही. एंजल टॅक्सची, म्हणजे अशा गुंतवणुकीवर कंपनीला लागणाऱ्या कराची, भीती कुणी घातली असेल तर तो 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झालाय. आणि पहिल्या भेटीत गोपनीयतेच्या करारावर सही मागू नका, बहुतेक जण देत नाहीत आणि बोलणं तिथेच थंडावतं.

पांढऱ्या कांद्याचा दर आणि दोन मसालेवाल्यांनी सांगितलेला खरेदी दर मिळाला की इथे टाका, किलोमागचा हिशेब आपण नव्याने मांडू.