दिरांच्या तंबाखूच्या रील्स

प्रश्न : माझे धाकटे दीर रानात बसून तंबाखू मळतानाच्या रील्स टाकतात. ‘एकच नंबर’, ‘खरा शेतकरी’ अशा कमेंट येतात. बोललं की म्हणतात, ‘वहिनी, मी काय सिगारेट ओढतोय का?’ काय करू?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, हेच वाक्य सांगलीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात रोज ऐकतो आणि दर वेळी पोटात कालवतं. मुलानं सिगारेटचा फोटो टाकला तर घर डोक्यावर घेतात; तंबाखूच्या रीलला मात्र मामा-काका बदाम पाठवतात. कारण ती घरोघरी आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, न ओढता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. मिश्रीही त्यातच येते. सासूबाई लावत असतील, तर दीर आधी तिकडंच बोट दाखवतील.

कमेंटमध्ये वाद घालू नका, चारचौघांत माणूस जास्तच ताठतो. घरी आरसा हातात द्या, खालचा ओठ ओढून बघायला सांगा. बार ठेवायच्या जागी कातडी बहुतेकदा पांढरट, सुरकुतलेली दिसते. तिथं पांढरा चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर दुखायची वाट न बघता दंतवैद्याकडे न्या. सुरुवातीला दुखत नाही, तिथंच माणसं फसतात. सोडायची तयारी दाखवली, तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पहिला फोन तुम्हीच लावून द्या.