मैत्रिणीच्या चिनी आईच्या साठीसाठी हाताने चिनी पद्धतीचं कार्ड कसं बनवू?

लाल जाड कार्डशीट घ्या आणि मधोमध सोनेरी रंगात ‘शौ’, म्हणजे दीर्घायुष्य, हे चिनी अक्षर काढा. अक्षर मोठं छापून त्यावरून गिरवा. अंदाजाने काढलं तर रेघा चुकतात. बाजूला पीच फळ हवंच, तेही दीर्घायुष्याचं चिन्ह. गुलाबी कागद दुमडून अर्धा आकार कापला की फळ दोन्हीकडे सारखं येतं. जागा उरली तर क्रौंच किंवा पाइन.

पांढरा-काळा रंग मुख्य ठेवू नका, ते शोकाचे. त्यांचं नाव लाल शाईने अजिबात लिहू नका, अशुभ मानतात.

चिनी पंचांगात वर्षांना दिलेले १२ प्राणी आणि ५ तत्त्वं मिळून ६० वर्षांचं चक्र होतं, आपल्या संवत्सरांसारखंच. साठीला ते पूर्ण होतं, म्हणून त्यांच्या जन्मवर्षाचा प्राणी आत जरूर काढा. मला तर हीच कल्पना सर्वांत आवडते!