रिटायर झाल्यावर सुटका?

प्रश्न: आम्ही देवळाली कॅम्पात राहतो, तोफखान्याच्या शेजारीच म्हणा ना. पेपरात एका मोठ्या फौजी साहेबावर पैसे खाल्ल्याचा आरोप वाचला, तर आमचे हे म्हणतात की तो रिटायर झाला की सुटला. खरंय का?

उत्तर: नाही हो ताई, सांगा त्यांना. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम १२३ आहे ना, त्यानुसार निवृत्तीनंतरही ३ वर्षांच्या आत कोर्ट मार्शल, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या कोर्टातला खटला, सुरू करता येतं. आणि ती मुदत गेली तरी सीबीआय आणि साधं कोर्ट आहेच की, भ्रष्टाचाराचा कायदा वर्दीलाही लागतो.

पण आरोप झाला म्हणजे चोरच असं पण नका धरू. सुकना जमीन प्रकरणात (पश्चिम बंगालमधल्या सुकना लष्करी छावणीजवळच्या जमिनीसाठी खासगी संस्थेला परवानगी दिल्याचा वाद) लेफ्टनंट जनरल पी. के. रथ यांना २०११ मध्ये कोर्ट मार्शलने दोषी ठरवलं, मग २०१४ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने (फौजींची अपिलं ऐकणारं न्यायालय) निर्दोष सोडलं, मधली बदनामी झाली ती झालीच. त्याच प्रकरणात दुसरे जनरल अवधेश प्रकाश, ते २०१० मध्ये निवृत्त झालेले, तरी २०११ मध्ये कोर्ट मार्शलने त्यांना बडतर्फीची शिक्षा दिली. ह्यांना हे दुसरं उदाहरण आधी ऐकवा.