बाबांचा हात थरथरतो म्हणून जनुक वाचायला बसलात?

देवगडहून तपासणीला कोल्हापूर गाठण्याआधी एवढं वाचा. एलआरआरके२ हे जनुक एक कायनेज बनवतं. कायनेज दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवतं. बागेतल्या पंपाचा खटकाच म्हणा. या जनुकातल्या जी२०१९एस नावाच्या बदलात खटका जास्तच चालू राहतो, पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराचा धोका वाढतो. या जनुकाचा पार्किन्सन्सशी संबंध २००४ मध्ये कळला.

नवख्यांच्या चुका:
- बदल सापडला की आजार होणारच असं धरणं. अनेकांना आयुष्यभर होत नाही.
- कायनेज रोखणारं औषध शोधत सुटणं. मी वर्ष घालवलं त्यात!

बहुतेकांचा पार्किन्सन्स आनुवंशिक नसतो, आणि प्रत्येक थरथर पार्किन्सन्स नसते. आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठा. जनुकतपासणीचं तेच सांगतील. हे कायनेज ज्यांच्यावर फॉस्फेट चिकटवतं ती रॅब प्रथिनं वगैरे गणपतीनंतर बघू.