भारतातून अमेरिकेत राहायला गेल्यावर रोजच्या वागण्यात कोणते शिष्टाचार आणि जबाबदाऱ्या पाळाव्या लागतात?

तुमचा प्रश्न असा आहे: जानेवारीत शिकागोजवळच्या उपनगरात भाड्याच्या घरात राहायला जातोय, नवऱ्याचा एच-१बी (नोकरीचा) व्हिसा, तुमचा एच-४ (कुटुंबीयांचा), मुलगी तिसरीत. 'थँक यू', 'सॉरी' म्हणायला कुणी शिकवायला नको, पण त्यापलीकडे काय पाळावं, म्हणजे आपल्यामुळे कुणाला त्रास होणार नाही?

हसून 'हाय' म्हणणं, मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवणं, रांगेत हातभर अंतर राखणं, हे महिनाभरात अंगवळणी पडतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून चूक लगेच कळते. खरी अडचण येते ती समोर नसलेल्या माणसांच्या बाबतीत: टपाल वाटत पायी फिरणारा पोस्टमन, व्हीलचेअरवरचे आजोबा, कचरा वेगळा करणारा कामगार, खालच्या मजल्यावरचं कुटुंब. त्यांची आपली गाठ पडत नाही आणि ते भांडायलाही येत नाहीत. माझ्या मते तिथली सामाजिक जबाबदारी मुख्यतः यांच्याबद्दल आहे, आणि तिचा बराचसा भाग फूट, इंच आणि तास यांत लिहून ठेवलेला आहे. म्हणून तीच आधी.

जानेवारीत जाताय, म्हणजे पहिली गाठ बर्फाशी. फुटपाथ साफ कोण करणार हे भाडेकरारात लिहिलेलं असतं. अपार्टमेंट असेल तर बहुधा मालक, स्वतंत्र घर असेल तर बहुतेक वेळा भाडेकरू. सही करण्याआधी ते कलम शोधा. खुद्द शिकागो शहराचा नियम असा: सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात बर्फ पडला तर त्याच रात्री १० पर्यंत, रात्री पडला तर सकाळी १० पर्यंत घरासमोरचा फुटपाथ मोकळा हवा आणि वाट किमान ५ फूट रुंद हवी. उपनगरांचे नियम वेगवेगळे असतात, गावाच्या संकेतस्थळावर ते मिळतात. काही गावांत सक्ती नसते, तरी तुम्ही शिकागोचाच नियम पाळावा असं मी म्हणेन. फावड्याच्या रुंदीएवढी चिंचोळी पट्टी काढून लोक थांबतात. त्या पट्टीतून धडधाकट माणूस जातो. व्हीलचेअर किंवा बाबागाडी मात्र रस्त्यावर उतरते, आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर गाड्या घसरत असतात. घर कोपऱ्यावर असेल तर फुटपाथचा रस्त्याला टेकणारा उतार मोकळा करायला विसरू नका. बर्फ नांगरणारी गाडी येऊन तोच उतार पुन्हा बुजवते, म्हणजे तिथे दुसऱ्यांदा जावं लागतं. दारासमोर फायर हायड्रंट (आग विझवायला पाणी घेण्याचा रस्त्याकडेचा नळ) असेल तर त्याच्याभोवती ३ फूट जागा मोकळी ठेवा. आग लागली तर अग्निशमन दलाची मिनिटं ते खणण्यात जाऊ नयेत.

काढलेला बर्फ रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या बाजूला लोटायचा नाही. आपल्या ड्राइव्हवेवर (घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीच्या वाटेवर) रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की नांगर डावीकडून उजवीकडे जातो. म्हणून ढीग उजव्या बाजूला लावा, नाहीतर तोच बर्फ नांगराबरोबर परत तुमच्या तोंडाशी येऊन पडतो. बर्फ दोन-तीन इंच झाला की एकदा काढा, पडायचा थांबेपर्यंत वाट पाहू नका. ओला बर्फ फार जड असतो, तो उचलण्यापेक्षा ढकलावा. भारतातून आलेल्या वयस्कर आईवडिलांच्या किंवा हृदयविकार असलेल्या कुणाच्याही हातात फावडं देऊ नका. थंडीत अचानक केलेल्या या श्रमाने दरवर्षी लोकांना हृदयविकाराचे झटके येतात.

मिठाबद्दल नवखे लोक दोन चुका करतात. पहिली चूक, बर्फ न काढताच वरून मीठ ओतणं. फुटपाथच्या साधारण १० चौकोनांना १२ औंसांचा कॉफीचा एक मग भरून मीठ पुरतं, दाण्यांमध्ये अंतर राहील असं पसरायचं. दुसरी चूक, कडाक्याच्या थंडीत साधं मीठ वापरणं. १५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ९ सेल्सियसच्या खाली ते फारसं काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड लागतं, किंवा पाय घसरू नये म्हणून नुसती वाळू टाकावी. जास्तीचं मीठ हिरवळ जाळतं आणि वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यानद्यांत जातं, तिथून क्लोराइड परत काढता येत नाही.

गाडी काढण्याआधी टपावरचाही बर्फ झाडा. महामार्गावर त्याची लादी सुटून मागच्या गाडीच्या काचेवर आदळते. शिकागो शहरात कुणाकडे गेलात आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत खुर्ची ठेवलेली दिसली, तर ती हलवू नका. खणून काढलेली जागा अशी राखून ठेवायला तिथे 'डिब्स' म्हणतात. कायद्याचा त्याला आधार नाही, पण ज्याने दोन तास फावडं मारलंय त्याचा मान ठेवलेला बरा.

मुलगी शाळेत आहे, म्हणून शाळेच्या पिवळ्या बसबद्दल सविस्तर सांगणं गरजेचं आहे. बसचे पिवळे दिवे उघडझाप करू लागले की ती थांबणार आहे, वेग कमी करा. लाल दिवे लागून बाजूची 'स्टॉप' पाटी बाहेर आली की पूर्ण थांबा, मागून येत असाल तरी आणि दोन लेनच्या रस्त्यावर समोरून येत असाल तरी. दोन्ही दिशांना किमान दोन-दोन लेन असतील तर इलिनॉयमध्ये (शिकागो याच राज्यात आहे) समोरून येणाऱ्याला थांबावं लागत नाही. पण न्यूयॉर्कमध्ये मधे दुभाजक असला तरी थांबावंच लागतं, त्यामुळे दुसऱ्या राज्यात गाडी चालवण्याआधी तिथला नियम वाचा. इलिनॉयमध्ये पहिल्याच चुकीला ३०० डॉलर दंड आणि लायसन्स ३ महिने निलंबित होतं. मुलीला शिकवा: बसच्या पुढे १० फूट जाऊन, ड्रायव्हरशी नजरानजर झाल्यावरच रस्ता ओलांडायचा. बसखाली काही पडलं तर वाकून उचलायचं नाही, आधी ड्रायव्हरला सांगायचं. थांब्यावर ५ मिनिटं आधी पोचा. बस खोळंबली की पुढच्या प्रत्येक थांब्यावरची मुलं थंडीत ताटकळतात.

वाहतुकीतलं बाकीचं थोडक्यात. चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात आधी आला तो आधी जातो, एकाच वेळी आलात तर उजवीकडच्याला जाऊ द्या. सायरन ऐकू आला की उजव्या कडेला घेऊन थांबा. महामार्गाच्या कडेला पोलीस, अँब्युलन्स किंवा टोइंगची गाडी उभी दिसली की एक लेन सोडून जा, ते शक्य नसेल तर वेग कमी करा. हा कायदा पन्नासही राज्यांत आहे. पोलिसांनी थांबवलं तर गाडीतून उतरू नका, हात स्टिअरिंगवर ठेवून बसा. आपल्याकडे उतरून बोलायला जाणं अदबीचं वाटतं, तिथे त्याचा अर्थ धोका असा होतो.

पार्किंगमधल्या अपंगांसाठीच्या निळ्या खुणेच्या जागेत गाडी लावायची नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्या शेजारचे तिरपे पट्टे मात्र रिकामी जागा समजून लोक 'दोनच मिनिटं' गाडी लावतात. ती किमान ५ फुटांची, व्हॅनसाठी बहुधा ८ फुटांची पट्टी व्हीलचेअर बाहेर काढायला ठेवलेली असते. ती अडवली की माणूस स्वतःच्याच गाडीत शिरू शकत नाही. सामानाची ट्रॉलीही तिथे सोडायची नाही, ती ट्रॉल्यांच्या कठड्यात नेऊन लावायची.

आता स्वयंपाकघर, कारण आपल्याकडून सर्वांत जास्त त्रास इथून होतो. फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म वाजतो आणि लोक त्याची बॅटरी काढून ठेवतात. हे कधीही करू नका. चुलीवरच्या मायक्रोवेव्हमधला पंखा अनेक घरांत हवा बाहेर टाकत नाही, नुसती गाळून परत खोलीत सोडतो. त्यामुळे तेल तापवण्याआधीच खिडकी उघडा, आच मध्यम ठेवा. अलार्म वाजलाच तर त्याच्यावरचं 'हश' बटण दाबा. अपार्टमेंट असेल तर धूर जावा म्हणून कॉरिडॉरचं दार मुळीच उघडू नका. तिथला अलार्म साऱ्या इमारतीचा असतो. तो वाजला की तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं उणे दहात खाली उभी राहतात.

सिंकमध्ये तेल, तूप, भाजीचा तवंग सोडू नका. थंड पाइपात ते गोठतं आणि बहुधा खालच्या मजल्यावर तुंबतं. थंड झालेलं तेल बरणीत भरून कचऱ्यात टाका, कढई कागदाने पुसून मग धुवा. सिंकखालच्या डिस्पोजलमध्ये (उष्टं-खरकटं बारीक करणाऱ्या यंत्रात) भात टाकला तर फुगून लगदा होतो, मेथीची देठं आणि शेवग्याचे तंतू पात्याभोवती गुंडाळले जातात.

रिसायकलिंगच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशव्या टाकायच्या नाहीत, आणि पिशवीत भरून डबे-बाटल्याही टाकायच्या नाहीत. त्या पिशव्या कचरा वेगळा करणाऱ्या यंत्राच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळतात, मग पट्टा थांबवून माणसाला आत शिरून त्या कापाव्या लागतात. पिशव्या मोठ्या किराणा दुकानांच्या दारातल्या वेगळ्या पेटीत द्या. लिथियम बॅटरी कुठल्याच डब्यात नको, दाबली गेली की गाडीतच पेट घेते. डबे आदल्या संध्याकाळी बाहेर, दोन डब्यांत ३ फूट अंतर, आणि फुटपाथ मोकळा.

९११ हा पोलीस, अग्निशमन आणि अँब्युलन्स यांचा आपत्कालीन नंबर फुकट आहे, भाषा अडली तर दुभाषा मिळतो. आधी पत्ता आणि मजला सांगा, मग काय झालं ते, म्हणजे फोन तुटला तरी मदत पोचते. आग, बेशुद्धी, छातीत दुखणं, अपघात यांत क्षणभरही थांबू नका. गॅसचा वास आला तर आधी घराबाहेर पडा, मग फोन करा. अँब्युलन्सचं बिल येतं हे खरं, पण जिवाशी गाठ असेल तिथे तो विचार करायचा नाही. भारतात फोन लावताना ०११-९१ दाबावं लागतं. ऑफिसच्या फोनवर बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबायचा असेल तर बोट चुकून ९११ लागतो. असं झालं तर फोन ठेवून देऊ नका, 'चुकून लागला' एवढं सांगा. न बोलता ठेवलात तर ते परत फोन करतात, कधी पोलीस दारात येतात. जुना मोबाइल मुलांना खेळायला देताना लक्षात ठेवा, सिम नसलं तरी त्यावरून ९११ लागतो.

हॉटेलात बसून जेवलात तर करापूर्वीच्या रकमेवर १५ ते २० टक्के टिप द्यायची. ही बक्षिसी नाही, वाढणाऱ्याच्या पगाराचाच तो भाग आहे. टिप मिळणाऱ्यांसाठी केंद्राचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर आहे. इलिनॉयमध्ये २०२५ पासून सर्वसाधारण किमान वेतन १५ डॉलर झालं, टिप मिळणाऱ्यांना त्यातले ९ मालक देतो. ६० डॉलरचं जेवण झालं तर १८ टक्क्यांनी १०.८० डॉलर. सहा-आठ जण असाल तर बिलात 'ग्रॅच्युइटी' आधीच धरली आहे का ते पाहा. काउंटरवरून कॉफी घेताना पडद्यावर टिप विचारतात, तिथे नाही म्हटलं तरी चालतं.

नागरिक नसलेल्यांसाठी तीन गोष्टी गंभीर आहेत. घर बदललं की १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला एआर-११ अर्जाने कळवा, तिघांचंही. लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणी करायची का असं विचारतील, उत्तर ठामपणे 'नाही'. नुसती 'हो' वर पडलेली खूणही पुढे ग्रीन कार्डाच्या आड येऊ शकते. ज्युरीचं (कोर्टात खटल्याचा निवाडा करायला नागरिकांना येणारं) बोलावणं चुकून आलं तर फेकू नका, नागरिक नसल्याची खूण करून मुदतीत परत पाठवा.

टपालपेटीत तिकीट न लावलेली चिठ्ठी टाकायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे, मग ते हळदीकुंकवाचं आमंत्रण असो की दिवाळीचं. दाराशी ठेवा किंवा हातात द्या. आधीच्या भाडेकरूचं पत्र आलं तर न उघडता 'नॉट अॅट धिस अॅड्रेस' लिहून परत टपालात टाका. मुलांच्या वाढदिवसाला बोलावणं आलं तर येणार की नाही ते दोन दिवसांत कळवा, धाकटं भावंड असेल तर विचारून न्या.

तुम्ही पोचाल तेव्हा संक्रांत जवळ असेल. शेजाऱ्यांना तिळगूळ जरूर द्या, ओळख करून घ्यायला याहून चांगलं निमित्त नाही. मात्र डब्यावर साहित्य इंग्रजीत लिहून चिकटवा: तीळ, शेंगदाणे, गूळ, तूप, जे असेल ते सगळं. २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा लेबलवर लिहावाच लागणारा नववा प्रमुख अॅलर्जीचा पदार्थ आहे, आणि हा नियम बाजारच्या मालासाठी असला तरी अॅलर्जी घरच्या लाडवानेही होते. मुलीच्या वर्गात वाटायचा असेल तर आधी शिक्षिकेला ई-मेल करा. बऱ्याच शाळा घरी केलेलं चालवत नाहीत, लेबल असलेलं बंद पाकीटच घेतात, आणि शेंगदाणे तर कित्येक वर्गांत आणूच देत नाहीत. तिथे तिळगुळाऐवजी पेन्सिली किंवा स्टिकर द्या.