ठाण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर दर आठवड्याला सगळ्या प्रकारची नवी गाणी टाकायची आहेत. ती कधी आणि कुठे शोधावीत?

शुक्रवारी शोधा, शनिवारी टाका. १० जुलै २०१५ पासून जगभर नव्या अल्बमसाठी शुक्रवार हा एकच वार ठरला आहे. त्याआधी अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार असा गोंधळ होता. स्पॉटिफायची ‘रिलीज रडार’ यादीही शुक्रवारीच बदलते, पण ती तुम्ही आधी ऐकलेल्या कलाकारांच्याच आसपास फिरते. रोज भावगीतं ऐकणाऱ्याला ती मेटल कशाला दाखवेल? म्हणून जॅझ, मेटल, इलेक्ट्रॉनिकसाठी बँडकॅम्पवर (कलाकार स्वतःच आपली गाणी विकतात ती वेबसाइट) त्या त्या प्रकाराचा टॅग उघडा. तिथे शहराच्या नावानेही शोधता येतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये सात-आठ गाणी सहज चाळून होतात (बसायला जागा मिळाली तर दहा). मराठी-हिंदी चित्रपटगीतांना मात्र हा वार लागू नाही. ती कुठल्याही दिवशी यूट्यूबवर येतात, त्यासाठी म्युझिक कंपन्यांच्या चॅनेलची घंटी दाबून ठेवा.

आमच्या आठ जणांच्या ग्रुपवर चालतं ते असं: तीनच गाणी, लिंक यूट्यूबची (ती सगळ्यांकडे उघडते), सोबत का ऐकावं याची एक ओळ. वीस लिंका टाकल्या की कुणी एकही उघडत नाही.