नेपाळात बिऱ्हाड कुठं करावं?

प्रश्न : हुपरीत चांदीचं काम करतो. बायको आणि दहा वर्षांच्या मुलासह नेपाळला जायचं ठरतंय. वीरगंज बरं की काठमांडू?

उत्तर : नुसता धंदा बघाल तर वीरगंज. सीमेपलीकडचं बिहारमधलं रक्सौल लागूनच, हिंदी चालते. पण उन्हाळा भाजून काढतो, थंडीत धुकं. घरच्यांसह राहायचं तर आम्ही काठमांडूच म्हणू. उंची सुमारे 1,400 मीटर, हवा सोसवते. काठमांडूला लागून असलेल्या पाटणला मात्र पिढीजात धातुकारागीर आहेत, तिथं नवख्याचा निभाव अवघड.

घर बघताना आधी पाणी विचारा. नळ रोज येईलच असं नाही. मेलम्ची नदीवरून शहरात आणलेलं पाणी पावसाळ्यात बंद पडतं, मग टँकर. बोअर आणि जमिनीतली टाकी दोन्ही हवीत. टँकरचे पैसे कोणी द्यायचे ते करारात लिहून घ्या. पिलरला भेगा किंवा मागाहून चढवलेला मजला दिसला, तर ते घर सोडा. 2015 चा भूकंप विसरू नका. भाडं नेपाळी रुपयांत सांगतात : 16,000 म्हणजे आपले 10,000.

व्हिसा लागत नाही, पण जमीन तुमच्या नावावर होणार नाही. विमानानं जाताना तुम्हा दोघांचं आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. मुलाचं आधार चालतं.